जडीवाल्याचा बोकड

बाभुळगावच्या बाजारात त्या वर्षी सगळ्यांत मोठा घोळका जडीवाल्याच्या बोकडाभोवती असे. बोकड धिप्पाड, शिंगं तेल लावून चकचकीत केलेली, शेजारी चार शेळ्या. तो रोज जडीची पुडी खातो, वर्षभर या शेळ्यांत हिंडतो, तरी एकही गाभण नाही, असं जडीवाला सांगे. सरकारी डॉक्टर चाकू लावतो, आपल्यापाशी झाडाची मुळी आहे. पुरुषानं खावी, पाळणा थांबतो. बोकडाला मात्र शिवायचं नाही, शिवलं की असर जातो.

छप्पन साली बौद्ध झालो, तेव्हा आम्ही घरातले देव नदीत सोडले होते. अंगारा घेऊन कोणी आला तर माझे वडील देवराव त्याला दारातूनच वाटेला लावत. पण हा देवाचं नावच घेत नसे. "मंतर नाही, तंतर नाही. शास्त्र हाये भाऊ, शास्त्र," म्हणे. वडील तिथेच फसले.

पाचव्या बाळंतपणानंतर यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मायला पुढचं झेपणार नाही, जीव जाईल. नसबंदीनं कामाची ताकद जाते, असं गावात सगळेच मानत. म्हणून वडिलांनी पुडी धरली. रोज सकाळी, न चुकता.

दिवाळीनंतर मायला दिवस गेले.

"पुडी चुकत नाही," जडीवाला बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला. "बाईकडं पाहा."

वडील मायशी बोलेनासे झाले. चुलती वच्छलाबाई आमच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागली. एका रात्री वडिलांनी मायला विचारलंच. माय रडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "मले काहून पुसून राह्यले? जलमभर गोऱ्हे ठेचले तुमीनं. त्या बोकडाले एकडाव हात लावून पाहा."

पुढच्या बाजारी मी वडिलांसोबत होते. जडीवाला आडवा आला. वडिलांनी त्याला बाजूला केलं, बोकड गुडघ्यांत धरला आणि अंडाच्या वरच्या बाजूनं बोटं फिरवली.

"शिरा ठेचल्या हायेत," ते म्हणाले. "कातडी फाटली नाही, म्हणून दिसत नाही. या, हात लावा."

गोऱ्ह्याचा बैल असाच करतात. घोळक्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी गोऱ्हा धरून ठेवलेला होता. एकेक जण वाकून चाचपू लागला.

"हा तं बैल हाये गा," कोणीतरी म्हणालं. लोक हसले. जडीवाला बोकड तिथेच टाकून निघून गेला.

यवतमाळच्या दवाखान्यात वडिलांचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बीज जिवंत होतं, भरपूर होतं. ही तपासणी तिथे आधीपासून होत असे. कोणी मागितली नव्हती.

वडिलांनी घरी येऊन मायला सगळं सांगितलं, चूक झाली म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि चुलीतली लाकडं सारखी केली. सातव्या महिन्यात रक्त जाऊन ती गेली. मूलही गेलं.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. सरकीतल्या एका द्रव्यानं पुरुषबीज खरंच कमी होतं. पण ते घेणाऱ्यांपैकी काहींचं बीज परत आलंच नाही, काहींचे हातपाय लुळे पडले. झाडात गुण असतो, तसा धोकाही असतो. किती मात्रा, किती दिवस, आणि शरीराचं पुढे काय, हे तपासून ठरेपर्यंत ते औषध नव्हे.

देवाचं नाव घेतलं नाही म्हणून एखादी गोष्ट शास्त्र होत नाही. जिथे हात लावू देत नाहीत, तिथे काही घेऊ नका. पुडी घेणाऱ्या पुरुषाची तपासणी मागा. आणि बाईला दिवस गेले, तर संशय आधी पुडीवर घ्या.