ठोक्यांची गल्ली

नानांना हौस भारी. सून पर्यटकांना आपल्या गल्लीतून फिरवणार म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी ते दुकानोदुकानी गेले, गोडीगुलाबीने सगळ्यांची घड्याळं एका वेळेवर लावून घेतली आणि मगच जेवले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची गल्ली, आणि दोन दुकानांची वेळ जुळत नाही, हे परक्यांनी पाहिलं तर अब्रूच जायची.

खरं तर वेळ मुद्दामच जुळू देत नसत. शेजाऱ्याचे ठोके संपले की आपले सुरू, म्हणजे दुरुस्त केलेलं घड्याळ नीट वाजतंय का ते कानाला कळतं, अशी तिथली जुनी रीत. नानांचं दुकान टोकाला, म्हणून त्यांचे ठोके सगळ्यांच्या शेवटी.

सकाळी सून तयारी बघायला आली आणि तेवढ्यात अकरा वाजले. अख्ख्या गल्लीत एकदम, धडाधड वाजले आणि संपले. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, हे काय केलंत?"

"तुझी मान खाली जायला नको म्हणून केलं गं."

"अहो, मी त्यांना तेच ऐकवायला आणतेय. त्या टोकाला वाजायला लागतं आणि आपल्याबरोबर पुढे पुढे येतं. सहल कंपनीच्या साहेबांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. आज ते स्वतः येणार आहेत. नाही आवडलं, तर सहलीतून ही गल्ली बंद आणि माझं कामही."

ठोके ऐकायला कुणी विमानाने कशाला येईल, ते नानांना कळेना. पण पोरीचा आवाज कापत होता, तो कळला. ते उठले. पहिलं दुकान सोडून सगळीकडे त्यांनी लंबक धरून ठेवायला लावले आणि मग ओळीने, शेजाऱ्याच्या मागून थोडं थोडं थांबून, एकेक सोडायला लावला.

"काल पुढे, आज मागे. नाना, आता तुम्हालाच चावी द्यायला हवी," एक शेजारी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला. नाना पुढच्या दुकानाकडे वळले.

बाराच्या आधी सुनेने त्यांना हाताला धरून दुसऱ्या टोकाला, पर्यटक आणि साहेब जमले होते तिथे नेलं. "माझी जागा बाराला दुकानात," असं ते पुटपुटत होते, पण गेले.

पहिल्या दुकानात ठोके पडू लागले आणि सगळे चालायला लागले. नानांचा जन्म या गल्लीत गेला, पण बाराला ते कधी स्टुलावरून उठले नव्हते. आपले ठोके मोजायचे, बाकी सगळा गोंगाट. तो गोंगाट आता त्यांच्या शेजारून चालत होता. एका दारातला जाड घणघणाट विरतो न विरतो तोच पुढच्या दारात बारीक किणकिण उठायची, तिच्यामागून एक घोगरा आवाज. पर्यटकांनी फोन खाली केले. साहेबांनी बोलता बोलता टोपी काढली आणि ते बोलणं विसरले. नानांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काहीतरी रोज आपल्या दारापर्यंत येत होतं आणि आपण मान वर केली नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरले.

शेजारच्या दुकानातला शेवटचा ठोका विरला. संपलं असं वाटून एका बाईंनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"थांबा," नाना हळूच म्हणाले, "आमचं राहिलंय अजून."

त्यांच्या रिकाम्या दुकानात बाराचे ठोके पडू लागले, आणि जन्मात पहिल्यांदा नाना ते मोजायला विसरले.