चतुर्दशीचा जाळ

माझी नात ब्राह्मी बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाळ शिकते. खरा नव्हे, कॉम्प्युटरातला. नळीतून गॅस जोरानं सुटतो, त्याचा झोत पेटतो, आणि काजळी किती, विषारी वायू किती, ते यंत्र काढत बसतं.

"हवा आधी मिसळली की धूर कमी होतो आज्जी. पण लई मिसळली की जाळच विझतो."

"एवढं कळायला कॉलेज लागतं व्हय? तुझ्या आईला येत होतं की."

तिची आई, माझी सून त्रिशला, निपाणीजवळच्या आमच्या गुऱ्हाळात चौदा वर्षं काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळली चिपाडं सारत बसली. दोन वर्षांमागं छातीच्या दुखण्यानं गेली. धूर न करणारा बर्नर गुऱ्हाळाला बसवायचा, हे पोरीनं तेव्हापासून डोक्यात घेतलं.

सुट्टीत तिनं जाळ काढणारा तो मोठा कॉम्प्युटर घरी आणला. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरला जोडला. दहा दिवस अखंड चालला तर उत्तर निघणार, आणि ते सोमवारी कॉलेजातल्या सरांना मिळालं तरच या हंगामात खऱ्या बर्नरची चाचणी.

नवव्या दिवशी चतुर्दशी आली. आम्ही जैन, त्या दिवशी आमच्या घरात जाळ न्हाय. जाळातही जीव असतात. ब्राह्मी अंघोळीला गेली होती. पडद्यावर झोत हलत होता. मी पिन ओढली.

ती ओल्या केसांनी आली.

"काय केलंस आज्जी?"

"चतुर्दशी हाय. उद्या लाव परत."

"परत म्हणजे पहिल्यापासनं. मधलं साठवायला जागा नव्हती गं त्यात."

"मग लाव पहिल्यापासनं. मला शिकवू नकोस."

ती खालीच बसली. म्हणाली, "चतुर्दशीला आई कुठं असायची?"

"गुऱ्हाळात."

"चुलवाण पेटलेलं असायचं?"

"रस थांबतो व्हय कुणासाठी? आंबतो."

तिनं ओढलेल्या पिनेची वायर गुंडाळून ठेवली.

सोमवार गेला. सरांनी या हंगामाला दुसऱ्या पोराची चाचणी धरली. ब्राह्मीनं कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि बेळगावची बस धरली. मी दारापर्यंत गेले. भावकीत विचारतात त्यांना सांगते, पोरगी हट्टी हाय.

गुऱ्हाळ सुरू झालंय. चुलवाणापुढं आता नागुबाई बसते, दोन लेकरांची आई. परवापासून खोकते. मी तिला हळद घातलेलं दूध पाठवते. घरी जा म्हणायला मात्र तोंड उघडत न्हाय.