ऑपरेशनच्या आधीच भरलेले रकाने

अरे बाळा, तू आधी गप बस आणि नुसतं ऐक. गेल्याच वर्षीची, अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. वेंगुर्ल्याकडे एक छोटं खाजगी इस्पितळ आहे, तिथल्या सर्जनना सगळे भाई डॉक्टर म्हणतात. हाताला काय गुण! पण लिहायचं म्हटलं की अंगावर काटा. ऑपरेशनच्या वहीत एकच शब्द, 'नेहमीप्रमाणे'. पोट उघडलं, नेहमीप्रमाणे. शिवलं, नेहमीप्रमाणे.

मग त्यांच्या जावयाने मुंबईहून कॉम्प्युटर पाठवला. पडद्यावर रकाने. कुठली बाजू, आत काय दिसलं, काय काढलं, काय आत ठेवलं. एक रकाना रिकामा राहिला तर गाडी पुढे जातच नाही. वही बंद झाली. भाई म्हणाले, त्या डब्यापुढे हजेरी लावायला मला वेळ नाही. झालं, सगळं पडलं सुगंधा सिस्टरच्या गळ्यात.

ती वैतागून गेली रे! दुपारी ऑपरेशनं संपायची आणि नेमकी लाइट जायची. जनरेटर थिएटरपुरताच. लाइट येईपर्यंत भाई घरी गेलेले, मग विचारायचं कोणाला? शेवटी भाईंनीच तोड काढली. अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणजे अपेंडिक्सच काढणार ना? मग सकाळी लाइट असताना आधीच भरून ठेव! आणि ती भरत राहिली, महिनोन्महिने. रकाने एकदम सुबक. भाई पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे.

मे महिन्यात आतल्या गावचा शेतकरी आला, बाबली. अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं; सकाळीच रकाना भरून झाला, 'अपेंडिक्स काढलं'. दुपारी पोट उघडलं तर आत पू, सगळं आतड्याला चिकटून गोळा झालेलं. ओढलं असतं तर आतडं फाटलं असतं. भाईंनी शहाणपणाने पू काढला, अपेंडिक्स नंतर काढू म्हणून तसंच ठेवलं आणि पोट शिवलं. बाबलीला एवढंच सांगितलं, तीन महिन्यांनी ये. त्याला बरं वाटलं, तो आलाच नाही. सुगंधा रकाना बदलणार होती, पण लाइट नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी दुसरे पेशंट.

भातकापणीच्या दिवसांत बायको रुक्मिणी त्याला रिक्षात घालून घेऊन आली. ताप फणफणलेला, पोटात उजवीकडे मरणाची कळ. भाई मुंबईला लेकीकडे. त्यांच्या जागी काशिनाथ नावाचे तरुण डॉक्टर, त्यांनी बिचाऱ्यांनी नीट कॉम्प्युटर वाचला. तिथे लिहिलेलं, 'अपेंडिक्स काढलं'. मग ते मूतखडा धरून बसले, सलाईन लावलं, सकाळी कोल्हापूरला पाठवू म्हणाले.

सुगंधा दारात उभी. त्या नोंदीखाली नाव तिचं. बोलली तर नोकरी जाणार, भाईंचंही नाव जाणार. नाही बोलली तर बाबली जाणार. पडद्यावरच्या त्या स्वच्छ रकान्यांची तिला शिसारी आली.

"सर, ते खोटं आहे," ती म्हणाली. "मी ऑपरेशनच्या आधी भरलंय. अपेंडिक्स आतच आहे."

अर्ध्या तासात काशिनाथांनी पोट उघडलं. फुटलेलं होतं! बाबली वाचला, पण अगदी थोडक्यात.

भाई परत आले ते सुगंधावर तणतणतच. परक्या माणसासमोर इस्पितळाची अब्रू काढलीस, वगैरे वगैरे. रुक्मिणी नवऱ्याला पेज भरवत तिथेच बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुगंधाकडे बोट दाखवत ती हळूच बोलली, "डाक्टरानू, भात झोडूच्या आदी कणग भरली म्हणान कोण सांगता काय? माझ्या घोवाच्या पोटात काय व्हता, ता तुमी बघितलात. मगे ह्या चेडवान ता कसा लिवूचा?"

भाईंनी बाबलीच्या पोटावरची पट्टी तपासली. मग सुगंधाला म्हणाले, "चूक माझी. तो रकाना आत्ता दुरुस्त करू. मी सांगतो, तू लिही."

तेव्हापासून हातमोजे उतरवले की भाई आधी सगळं सांगतात, सुगंधा कागदावर उतरवते, लाइट आली की दोघं मिळून रकाने भरतात, आणि भाई स्वतः वाचून बघतात.

बघ, यंत्र कितीही शहाणं असलं तरी त्याला खरं सांगायचं ते माणसानेच. ज्याने काम केलं त्याने, आणि काम झाल्यावरच! आपण सगळेच आधी भरून मोकळे होतो रे, शाळेतली हजेरी काय, ऑफिसातला तपासणीचा कागद काय. कोणीतरी परका माणूस उद्या ते वाचणार आणि त्यावर विश्वास ठेवणार, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

पण मला राहून राहून एकच वाटतं. त्या दारात तू उभा असतास, नाव तुझं, नोकरी तुझी, तर तू काय केलं असतंस?