खाली कोण आहे

कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणाऱ्या उत्तराने कळ दाबली आणि घंटा खणखणली. खापरखेड्याच्या वाटेवरच्या त्या कोळसा खाणीत गॅस वाढला की कॉम्प्युटरने घंटा वाजवायची, एवढंच तर काम. पण वाढला म्हणजे किती, असं विचारलं की साहेबलोक नुसते हात हलवत. मग उत्तराने नियमच केला. गोलगोल बोलायचं नाही, जितंजागतं उदाहरण द्यायचं. बोगदा कुठला, काटा कितीवर, खाली कोण, आणि मग काय व्हायला हवं. तीच उदाहरणं आज कॉम्प्युटरची परीक्षा होती, आणि सगळी पास झाली. बोगद्यात दिवा घेऊन गॅस बघणारा माणूस आजपासून बंद.

खाणीतच केस पिकलेले नत्थूजी मुकादम नारळ घेऊन उठले, तर ही म्हणाली, एक राहिलं. वीज गेली तर? खाली हवा ढकलणारा पंखा थांबेल, पण गॅस मोजणारं यंत्रही थांबेल. काटा शून्यावर. आणि शून्य म्हणजे गॅस नाही, असं तर हा कॉम्प्युटर समजणार नाही ना?

"शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाले आग लागली," नत्थूजी पुटपुटले. "असं बोलू नये वं बाई. वास्तू तथास्तु म्हणते."

"उदाहरण तर द्यावंच लागेल."

"मंग नियम तुयाच हाये. नाव सांग. खाली कोन हाये?"

तिने तोंड उघडलं. कामगारांची पाळी नुकतीच खाली उतरली होती आणि त्यात तिचा धाकटा भाऊ होता, अंगाची हळदही न उतरलेला. शिकलीसवरलेली बाई, पण तथास्तुला भ्यायली. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं, तर तोही कुणाचा तरी भाऊच.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या पाहू."

नत्थूजींना हायसं वाटलं. त्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं. ते तोंडात असतानाच छताचा पंखा मंदावत थांबला. मग बाहेरची, दिवसरात्र चालणारी मोठ्या पंख्याची घरघरही थांबली. कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर चालू होता. काटा शून्यावर, आणि त्याचा हिरवा दिवा जळत होता.

"हिरवा हाये," नत्थूजी म्हणाले. "सगळं ठीक हाये."

उत्तराने टेबलाची कड घट्ट धरली.

"कृष्णकांत," ती म्हणाली. "खाली कृष्णकांत आहे."