काळ्या पिशवीतले कपडे

चूक माझीच. कॉलिन म्हणतो, "मॉरीन, तू काय देव आहेस का? माणसाकडून होतं." नवरा आहे, तो असंच म्हणणार. पण मला सगळं माहीत होतं, आणि तेच मला खातंय.

बालकल्याण कार्यालयानं शेलीला सांभाळायला म्हणून आमच्या पोर्ट पिरीच्या घरी आणलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि हे तिचं सातवं घर. सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. प्रत्येक घरातून पोर तशीच निघाली होती. अशी मुलं सांभाळणाऱ्यांसाठी असलेल्या प्रशिक्षणात बाईंनी फळ्यावर मेंदू काढून समजावलं होतं, की तान्हेपणापासून भीतीत वाढलेलं मूल धोका ओळखण्यात पटाईत होतं, स्वतःला आवरण्यात मात्र मागे पडतं. मी शहाणी, वहीत लिहूनही घेतलं होतं.

वर्षभरात ती बरीच निवळली. उशीखाली पाव लपवणं थांबलं. राग आला की दहापर्यंत मोजायचं, असं आमचं ठरलं होतं, सातपर्यंत पोचायची. ऑक्टोबरात कोर्ट तिला कायमची आमच्याकडे देणार होतं.

त्या मंगळवारी मी तिचे लहान झालेले कपडे दान करायला काढले. हाताला कचऱ्याच्या पिशव्या लागल्या, त्यातच भरायला घेतले. तेही तिच्याच पलंगावर. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

शेली शाळेतून आली ती दारातच थांबली.

"अगं, हे तुला होत नाहीत आता," मी म्हणाले.

"एक," ती म्हणाली. "दोन." तीन आलंच नाही. हातातली पाण्याची स्टीलची बाटली तिनं भिरकावली. माझ्या लेकीचं बाळ, आर्ची, माझ्यामागे रांगत होतं. त्याच्या कपाळाला पाच टाके पडले.

कार्यालयानं तिला हलवायचं ठरवलं. मी हातापाया पडले, काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी तिथली पेट्रा गाडी घेऊन आली. मी चाकांची लाल सूटकेस आणून त्यात कपडे भरले होते, इस्त्री करून.

"शेली, त्या दिवशी मी तुला पाठवत नव्हते गं. खरंच लहान झालेले कपडे होते."

तिनं सूटकेसकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"बरं," ती म्हणाली आणि माझीच समजूत काढावी तसा माझा हात थोपटला. मग कुणी सांगायच्या आधी गाडीत जाऊन बसली.