डाव्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. पण माझी गोष्ट थोडी उलटी आहे. मी नवीकोरी होते तेव्हाही जुनीच दिसत होते. गोल दिवा, फुगीर टाकी, चकचकीत लांब सायलेन्सर आणि ठळक शिवणीची तपकिरी सीट. काही लोकांना आजोबांच्या काळातली गाडी हवी असते, पण ती रोज सकाळी मुकाट्याने सुरूही व्हायला हवी असते. अशा लोकांसाठी मला मुद्दाम तशी घडवली होती. दुकानातल्या टोकदार, आडव्यातिडव्या पट्ट्यांच्या गाड्यांसमोर मी जन्मजात म्हातारी वाटायचे. मला त्याचे काही नव्हते. माझा तोरा वेगळाच होता.

मला घेणारा माणूस लेथवर काम करणारा कारागीर होता. लोखंडाची कांब फिरवून त्यातून हवा तो भाग तासून काढणे हे त्याचे काम. वर्कशॉपमध्ये एकदा जड ओतीव भाग त्याच्या डाव्या पायावर पडला होता आणि तेव्हापासून त्याचा घोटा आखडला होता. पाय दाबता यायचा, पण पंजा वर उचलता यायचा नाही. आता आम्हा मोटारसायकलींचा गिअर असतो डाव्या पायाशी, आणि खालचा गिअर टाकायला तो दाबावा लागतो, पण वरचा टाकताना पंजा वर उचलावाच लागतो. दुसऱ्या कुणी गाडीचा नाद सोडला असता. याने मला वर्कशॉपमध्ये नेले, एक पोलादी दांडा तासला, तो माझ्या पोटाखालून आरपार घातला आणि गिअर नेला उजव्या पायाशी, ब्रेक आणला डाव्या पायाशी. मला घडवणाऱ्यांनी ते पाहिले असते तर कपाळावर हात मारून घेतला असता. मला मात्र त्या दांड्याचा फार अभिमान होता. जगात माझ्यासारखी मी एकटीच, असे मला वाटायचे.

कितीतरी वर्षे मी त्याला वर्कशॉपमध्ये नेले आणि आणले. मागच्या सीटवर कधी त्याची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. आणि पुढे टाकीवर बसायची त्यांची मुलगी. ती एका जागी ठरायची नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. ती टाकीवर ताल धरायची आणि मला ते आवडायचे.

भिंगरी मोठी झाली तेव्हा बापाने तिला माझ्यावरच गाडी शिकवली. वर्कशॉपमागच्या मोकळ्या मैदानात तो लंगडत तिच्या बाजूने धावायचा आणि तेच तेच सांगायचा. घाबरून पुढचा ब्रेक आवळायचा नाही. डाव्या पायाने मागचा दाबायचा, आणि तोही एकदम नाही.

"दाब, सोड, पुन्हा दाब. ब्रेकवर उभी राहू नकोस, भिंगरे."

एक दिवस मैदानात अचानक कुत्रे आडवे आले. तिला काही समजायच्या आत तिचा डावा पाय खाली गेला. दाबला, सोडला, दाबला. मी कुत्र्याच्या शेपटीपाशी थांबले. बापाने धापा टाकत माझ्या टाकीवर थाप मारली.

"झालं. आता गाडी तुझ्या पायात भिनली."

त्या दिवशी आम्ही तिघेही खूश होतो. कुत्र्याचे माहीत नाही.

पुढे भिंगरीला हायवेपलीकडच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी तिची गाडी झाले. तिथे माझी फजिती होऊ लागली. वेग वाढला की माझे आरसे थरथरायचे आणि मागून येणारे ट्रक हॉर्न मारून जीव नकोसा करायचे. तिच्याबरोबरची मंडळी विचारायची, तू आजीला सोडायला येतेस की आजी तुला सोडायला येते? ती हसायची, पण परतताना टाकीवर ताल धरायची नाही. मला सारे कळत होते. वाईटही वाटत होते.

शेवटी बापच तिला दुकानात घेऊन आला. मला द्यायचे आणि नवी घ्यायची, असे ठरले. नवी गाडी लाल होती, शिडशिडीत, पुढे झुकलेली, जणू आत्ताच कुणावर तरी धावून जाणार. खोटे कशाला बोलू, ती मला बघताक्षणीच आवडली नाही. भिंगरीने तिच्यावर दुकानाच्या आवारात सावकाश चकरा मारल्या. हिचा ब्रेक उजव्या पायाशी आहे, सांभाळ, असे बापाने ओरडून सांगितले.

"बाबा, मी काय लहान आहे? जमलं की!"

आणि खरेच जमले होते. माणूस शांत असला की डोके सांगेल तसे पाय वागतात. बापाचे समाधान झाले. भिंगरी माझ्यापाशी आली, सीटखालचे तिचे पुसायचे फडके काढून घेतले, टाकीवर दोन बोटांनी ताल धरला आणि गेली.

मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले. दुकानातल्या मिस्त्रीने तो दांडा काढला, गिअर आणि ब्रेक पुन्हा मूळ जागी बसवले. कुठल्या वेड्याने हे केले, असे तो पुटपुटला, पण दांडा फेकला नाही. शेडची खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्या खाली तोच टेकू म्हणून लावला. धूळ खात मी त्या दांड्याकडे बघत राहायचे.

दोन-एक महिने झाले असतील. एका दुपारी टेम्पोतून ती लाल गाडी शेडमध्ये आणली. तिचा पुढचा भाग चेपून आत गेला होता. मिस्त्री आणि टेम्पोवाला बोलत होते, त्यातून मला समजले. गल्लीतून एक हातगाडी अचानक हायवेवर आली. भिंगरीला थांबता आले नाही. भिंगरी वाचली नाही. वेगाने घात केला, असे सगळेच म्हणत होते. मला त्या दिवशी माझ्या सगळ्या तोऱ्याची लाज वाटली. लाल गाडीवरचा रागही मावळला.

काही दिवसांनी बाप आला. लाल गाडीच्या सीटखालून त्याला तिचे फडके हवे होते. मिस्त्रीने ते काढून दिले. काहीतरी बोलायचे म्हणून तो म्हणाला की एक गोष्ट त्याला उमगत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकली आहे. एवढ्या वेगात पहिल्या गिअरपर्यंत खाली कोण येईल?

बाप आखडलेला पाय बाजूला पसरून जमिनीवर बसला. त्याने डावीकडची गिअरची पट्टी चाचपली. ती खाली वाकली होती, पुन्हा पुन्हा दाबल्यासारखी. मग उजवीकडे जाऊन ब्रेक पाहिला. तो जसाच्या तसा होता. त्याने वर पाहिले, तेव्हा त्याला खिडकीखालचा आपला दांडा दिसला.

दाब, सोड, पुन्हा दाब. तिने बापाचे अगदी तंतोतंत ऐकले होते. फक्त डाव्या पायाखाली आता ब्रेक नव्हता.

"वेगानं नाही गेली ती," बाप म्हणाला. "माझ्या पायानं गेली."

मिस्त्रीला काही कळले नाही. तो पाणी आणायला गेला.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी त्या माणसाला म्हणाले असते की तुझ्या हातून जे झाले ते मायेने झाले. पण ते ऐकून त्याला बरे वाटले असते असे मला वाटत नाही. आता मला पुसून पुढे उभी केली आहे. कुणीतरी मला घेईल. तुम्हीही कधी मोठे व्हाल, एक गाडी देऊन दुसरी घ्याल. तेव्हा गडबड करू नका. आधी मोकळ्या मैदानात जा आणि घाबरून बघा, दचकून बघा, पाय आपोआप कुठे जातात ते बघा. भिंगरीच्या घरातून मी गेले होते. तिच्या पायांतून मात्र गेले नव्हते.