पहिली अक्षत

अनसाबाईने पदराची गाठ सोडली आणि हळदीत घोळलेली मूठभर ज्वारी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टर परचुऱ्यांनी आपला स्टेथोस्कोप चार बोटं मागे घेतला.

"हे काय?"

"अक्षत हाय, सायेब. परवा पोरीचं लगीन हाय. पहिली अक्षत मामाची असती."

"मग मामाला द्या की."

"त्यालाच द्यायला आलोय. तुमच्याकडंच हाय न्हवं का. दितूदादा."

डॉक्टरांनी तिच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. आबा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. बायकोच्या भावाच्या बाबतीत आपण फार बोलू नये, ही शिस्त ते मनोरुग्णालयातही पाळत होते.

"बाई, आमच्याकडे एकच माणूस आहे तसा. डीटर क्राउस. तो जर्मन आहे."

"व्हय, त्योच. माजा भाऊ."

डॉक्टरांनी चष्मा काढला. हा आजार बहिणीलाही असावा, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं.

आणीबाणी उठली त्या वर्षी डीटर नगर रस्त्याने पायी चालत आला आणि कावीळ होऊन आबांच्या मेंढ्यांच्या तळावर आडवा झाला. उठून बसेपर्यंत दिवाळी आली. अनसाबाईला भाऊ नव्हता आणि हा आयताच पाटावर बसवण्याजोगा झाला होता. तिने त्याला भाऊबीजेला ओवाळलं. मग तो गेलाच नाही. वडगाव रासाईत राहिला, मेंढ्यांमागे फिरला, अनसाबाईची मोनिका जन्मली तेव्हा तिच्या कानात कुर्र केलं.

पुढे शिरूरच्या बाजारात कोकरं विकायला गेला असताना पोलिसांनी त्याला हटकलं. गाव कोणतं? वडगाव रासाई. जात? धनगर. पासपोर्ट? शेळीनं खाल्ला. पहिलं आणि तिसरं उत्तर अगदी खरं होतं आणि दुसऱ्याबद्दल गावाची काही तक्रार नव्हती. त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायला मात्र तिन्ही पुरली. एका इस्पितळातून तो दुसऱ्यात गेला, तिथून तिसऱ्यात आणि शेवटी दौंडबाहेरच्या या संस्थेत. आबा आणि अनसाबाई प्रत्येक फाटकापर्यंत गेले होते. फक्त नातेवाइकांनाच भेटता येईल, असं तिथे सांगत. आम्ही नातेवाईकच आहोत म्हटलं की पहारेकरी हसत. आज लग्नाची अक्षत दाखवली म्हणून आत सोडलं होतं.

"तुमचं दैव चांगलं," डॉक्टर म्हणाले. "पेशंट बरा झालाय. उद्या सोडतोय त्याला."

अनसाबाईने कपाळाला हात लावला. "खंडोबा पावला. मग नेतो आमी."

"तुम्ही नाही. तो त्याच्या देशात जाईल. उद्या सकाळच्या पॅसेंजरने पुण्याला. तिथे वकिलातीचा माणूस उतरवून घेईल."

"आन् गाडीत कोन संगती?"

"बरा झालेला माणूस आहे, बाई. एकटा जाईल."

डीटरला आणलं. केस पांढरे झाले होते, ते अगदी बारीक कापलेले. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर ठेवले. अनसाबाई त्याच्या पायांकडे बघत राहिली. टाचांच्या भेगा बुजून पाय मऊ पडले होते.

"आपलं नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझे नाव डीटर क्राउस. मी जर्मन नागरिक आहे. भारतात माझे कोणीही नातेवाईक नाहीत."

ही शुद्ध मराठी त्याला इथेच आली होती. आजारपणात तो वेगळी बोलत असे.

"या बाईंना ओळखता?"

"नाही."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत फोन वाजला आणि डॉक्टर उठून गेले.

डीटरने मान वळवली नाही. ओठ तेवढे हलले.

"अनसे, मोनी केवढी झाली गं?"

"परवा लगीन हाय तिचं." ती त्याच्याकडे वाकली. "दादा, तू मला न्हाई म्हनलास?"

"व्हय म्हनलं की गोळ्या वाढत्यात. शाक देत्यात डोक्याला. लय येळा व्हय म्हनलो गं मी." त्याने दाराकडे कान दिला. "हितं मरायचं न्हाई मला. आता तूबी न्हाई म्हन."

"आन् पोरीच्या पाठीशी कोन हुबं ऱ्हानार?"

बाहेर चपला वाजल्या. डीटर पुन्हा समोर बघू लागला.

"हं," खुर्चीत बसत डॉक्टर म्हणाले. "बाई, नीट बघून सांगा. हा तुमचा भाऊ?"

अनसाबाईने नीट बघितलं. मग पदर सारखा केला.

"न्हाई, सायेब. चुकलं माजं. आमचा मानूस येगळा व्हता."

डॉक्टरांना बरं वाटलं. प्रत्यक्ष पुरावा समोर ठेवला की भ्रम टिकत नाही, हे त्यांचं जुनं मत होतं. एकाच सकाळी दोघं बरी झाली होती.

आबा उठले. कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाले, "सकाळची पॅसेंजर व्हय? केडगावला थांबती ती."

"थांबेल," डॉक्टर म्हणाले. "सगळीकडेच थांबते. तुम्हाला काय त्याचं?"

"काय न्हाई. तिथनं नदी वलांडली की आमचं गाव. आमाला बरी पडती."

अनसाबाईने टेबलावरची ज्वारी मुठीत गोळा केली. दाराकडे जाताना ती डीटरच्या खुर्चीला अडखळली. पडू नये म्हणून त्याने हात पुढे केला, तिने तो धरला आणि सोडला.

ती दोघं गेल्यावर डॉक्टरांनी डीटरचं अभिनंदन करायला उजवा हात पुढे केला. डीटरने डावा दिला. उजवी मूठ घट्ट मिटून गुडघ्यावर होती.

डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. पण त्याच्या देशात तशी रीत असेल, म्हणून त्यांनी विचारलं नाही.